दुकान मपलं, चावी दुसऱ्यापाशी

दादा,

चौकातल्या फ्लेक्सवर तुझ्यापेक्षा बुंदी मोठी आहे. सगळ्यात आधी हेच सांगते, कारण तू ऐकून पोट धरून हसला असतास आणि माझा राग अजून उतरत नाही. शेजारच्या दुकानदारांनी मिळून तो लावलाय, मनापासून लावलाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फ्लेक्सवाल्याला त्यांनी "तो गाजलेला फोटो टाक" एवढंच सांगितलं. त्यानं मधोमध कुत्री घेतली, तुला कोपऱ्यातल्या एका गोलात बसवलं आणि खाली 'भावपूर्ण आदरांजली' छापून मोकळा झाला. परवा एक ट्रकवाला चहाला उतरला. वर बघून म्हणाला, "कुत्रं मेलं व्हय?" चहावाला म्हणाला, "न्हाई, कुत्रं हाय की. मालक गेला." ट्रकवाल्यानं मान हलवली आणि चहात साखर कमी टाकायला सांगितली.

मालक! हे बुंदीला ऐकवायला पाहिजे. ती तुझी कधी होती? वडीगोद्रीच्या हायवेवरची उनाड कुत्री ती. अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून तू तिला बुंदी म्हणायचास. एक कान कुठल्यातरी भांडणात अर्धा गेलेला. दुपारी तू शेतकऱ्यांच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी बाजूला सारून डबा उघडलास की ही हजर, आणि भाकरी संपली की तुझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. तूच म्हणायचास, "हिच्यात आन् पुढाऱ्यात येवढाच फरक, ही खाऊन झाल्यावर भाषण करत न्हाई." आता सगळा महाराष्ट्र म्हणतो की ती इमानदार आहे. म्हणू दे. खरं काय ते तुला, मला आणि वहिनीला माहीत आहे.

तो फोटो निघाला त्या सकाळी तू दुकान उघडायला गेलाच नाहीस. पाय सुजले होते, श्वास पुरत नव्हता. वहिनीनं तुला गाडीत घालून जालन्याला आणलं. मी मंठ्याहून, शाळा अर्ध्यावर सोडून, आले. दोन्ही किडन्या गेल्यात, असं डॉक्टरांनी उभ्याउभ्या सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. तुझे कपडे नर्सनं पिशवीत भरून माझ्या हातात दिले. शर्टाच्या खिशात दुकानाची चावी होती, सुतळीत ओवलेली. ती मी पर्समध्ये टाकली. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

इकडं शटर बंद. डब्याची वेळ झाली आणि डबा आला नाही, तेव्हा बुंदी शटरपुढं जाऊन बसली. बाहेर पडलेल्या एका जळक्या मोटारीच्या सांगाड्यावर हनुवटी टेकवली आणि कुलपाकडं बघत राहिली. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी तिचा फोटो काढला. कुणी, ते आजपर्यंत कळलं नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, 'पगाराची वाट बघताना मी.' त्याच्याखाली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे पिवळे चेहरे, एकाखाली एक. मी डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. शटरचा निळा रंग ओळखीचा वाटला. मग 'रिवायं' अशी कापलेली अक्षरं दिसली, तुझ्या 'मोटार रिवायंडिंग'च्या पाटीची. मग तो अर्धा कान. मला त्या क्षणी सगळ्या ग्रुपची मनापासून चीड आली. तू आत पडलेला आणि बाहेर तुझ्या बंद शटरवर जग हसतंय.

पण जग काही माझ्या चिडीसाठी थांबलं नाही. आठवड्याभरात बुंदी सगळीकडं झाली. 'लाईट यायची वाट बघताना मी.' 'स्थळाकडून होकार यायची वाट बघताना मी.' 'एसटी येईल म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवल्यावर मी.' तिचे स्टिकर निघाले. माझ्या नणंदेनं मुलीच्या निकालाच्या दिवशी मला बुंदीच पाठवली, कुणाची कुत्री ते माहीत नसताना. केसपेपर काढायच्या खिडकीतल्या बाईनं ती मोबाईलच्या कव्हरवर चिकटवली होती. मी त्या खिडकीपुढं रांगेत उभी, आणि बुंदी माझ्याकडं बघतेय.

तुला दाखवावं की नाही, यावर मी एक अख्खा दिवस घालवला. शेवटी दाखवलं. तू मोबाईल नाकाजवळ धरलास, लांब धरलास, पुन्हा जवळ धरलास.

"आगं, ही तर बुंदी!"

"तीच."

"आजारी पडलो मी आन् फेमस झाली ही?"

आणि तू हसायला लागलास. इतका, की ठसका लागला आणि नर्स धावत आली. दवाखान्यात आल्यापासून तू पहिल्यांदा हसलास, दादा. मग तो आपला नेमच झाला. तुला मशीनला जोडलं की मी स्टुलावर बसून नवीन आलेल्या सगळ्या ओळी मोठ्यानं वाचायची. सगळी खोली ऐकायची. हाताला नळ्या लावलेली, चेहरे मातीसारखे झालेली माणसं, आणि एसटीची ओळ आली की सगळ्या खाटा हलायच्या. एखादी फालतू निघाली तर तू लगेच, "हे जमलं न्हाई, फुडचं वाच." त्या खोलीत हसायला दुसरं काहीसुद्धा नव्हतं. ज्यानं कुणी तो फोटो काढला त्याला मी आधी शिव्या दिल्या होत्या. त्या मी तिथंच परत घेतल्या.

मग गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले. शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले. मोटार नव्यानं तार भरायला टाकलेली, दुकान बंद, आता रान वाळायला लागलं. तू रोज माझ्याकडं चावी मागायचास.

"येक दिवस जाऊन येतो. दोन मोटारी भरल्या का लगीच वापस."

"नाही."

"बसून तर करायचं हाय. तार गुंडाळायला काय किडनी लागती का?"

"नाही म्हटलं ना."

तुझा स्वभाव मला माहीत होता. चावी दिली असती तर तू सुजलेले पाय घेऊन बसला असतास त्या तांब्याच्या तारांत. मी वहिनीला चावी देऊन लोकांच्या मोटारी परत करवल्या, चावी पुन्हा माझ्या पर्समध्ये ठेवली. त्या दिवशी तुला मशीनला जोडलं होतं. मग माझ्या हातातल्या मोबाईलवरच्या बुंदीकडं बघितलंस, मग माझ्या पर्सकडं.

"मास्तरीणबाई, लिव्हा," तू म्हणालास. "दुकान मपलं, चावी दुसऱ्यापाशी."

मी हसले. टोमणा मलाच होता, पण बसला होता बराबर. सगळी खोली हसली. मग तू नळीतून मशीनकडं जाणाऱ्या स्वतःच्या रक्ताकडं बघत तेच पुन्हा म्हणालास, हळू. तेव्हा मला हसू आलं नाही.

मी ती ओळ बुंदीच्या फोटोवर लिहून आमच्या ग्रुपवर टाकली. 'मपलं' तसंच ठेवलं. आपल्याकडं 'माझं'ला मपलं म्हणतात याची मला कॉलेजात लाज वाटायची, आठवतं? तू मुद्दाम माझ्या मैत्रिणींसमोर म्हणायचास, "मपली बहीण." पुढं चार ग्रुप ओलांडून जाताना कुणीतरी ते मपलं पुसून 'आपलं' केलं. आणि मग ती ओळ जी सुटली, ती बुंदीलाही मागं टाकून गेली. फोटो नसला तरी लोक ती बोलायला लागले. मंठ्याच्या बाजारात कापूस घेऊन आलेल्या एकानं ट्रॅक्टरला पाटी लावली होती, 'कापूस आपला, भाव दुसऱ्यापाशी'. रिक्षांच्या मागं आली. टी-शर्टवर आली. निवडणुकीला उभं राहिलेल्या एकानं विरोधकावर भाषणात मारली आणि टाळ्या घेतल्या. झटपट कर्ज देणाऱ्या कुठल्यातरी ॲपची जाहिरात आली, त्यात तर बुंदीला चष्मा घातला होता. आमच्या शाळेतली एक बाई डबा खाताना म्हणाली, "पगार मपला, कार्ड दुसऱ्यापाशी." आम्ही सगळ्या हसलो. ती हसली नाही. डब्याचं झाकण लावून वर्गावर निघून गेली. तिच्या नवऱ्याबद्दल आम्हाला इतक्या वर्षांत एक शब्द माहीत नव्हता.

हे सगळं मी तुला येऊन सांगायची. तू ऐकायचास आणि म्हणायचास, "बघ, चालली." मुलीच्या संसाराबद्दल बोलावं तसं.

आणि इथंच आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं आणि आता मला एकटीलाच पुढं न्यावं लागतंय.

"दादा, मी आता तुझं नाव जाहीर करते. ओळ तुझी आहे."

"काहून? म्हणीला कोणाचं नाव अस्तं का?"

"नसतं, कारण कुणी टाकत नाही. आजीच्या ओव्या साऱ्या गावानं म्हटल्या. लोक येऊन उतरवून घेऊन गेले. कुठाय आजीचं नाव?"

"आजीला काय फरक पडला?"

"मला पडतो. आपल्या लोकांचं सगळं असंच जातं. गाणं आपलं, म्हण आपली, आणि नाव कुणाचंच नाही."

"चावी दुसऱ्यापाशी," तू म्हणालास. मी चिडले. तू हसत होतास. मग एकदम हसायचा थांबलास.

"आसं बघ. आज लोकं हसून राह्यलेत. तू खाली लिव्हलं का हे डायलिसिसवरच्या माणसानं म्हणलं, का संपलं. मंग कोणी हसत न्हाई. च्च च्च करत्यात. मला च्च च्च नगं."

"मग तू बरा झाल्यावर टाकू."

तू मशीनकडं बोट केलंस. मी नजर खाली घातली.

"मी हाय तवर न्हाई," तू म्हणालास. "फुडं तुझं तू बघ." आणि तोंड भिंतीकडं फिरवलंस. जाताना मी "येते" म्हटलं, त्यालाही उत्तर दिलं नाहीस.

पुढच्या खेपेला मशीनवर असतानाच तुझा बीपी पडला. भर दुपारी. मी जिन्यात होते, मोबाईलमध्ये तुझ्यासाठी नवीन ओळी साठवून आणलेल्या. वहिनीचा आवाज ऐकून पळाले. तोवर पडदा ओढला होता. त्या ओळी अजून तशाच आहेत. पुसवत नाहीत, वाचवतही नाहीत.

तुझ्या जलदानविधीला मांडवभर माणसं होती. तू भरलेल्या मोटारींवर ज्यांची रानं भिजली ते सगळे आले होते, पांढरे सदरे घालून. पाटावर बुद्धमूर्तीशेजारी तुझा फोटो, लग्नातला, मोठा करून घेतलेला. त्यात तू वहिनीकडं चोरून बघतोयस. त्रिसरण, पंचशील झालं. मग दोघातिघांनी बोलायचं असतं तसं बोलले, आणि शेवटी आपले शाळेतले गुरुजी उठले. किती थकलेत. माईक दोन्ही हातांनी धरला होता. देह कसा नाशवंत, हे सांगता सांगता ते म्हणाले, "आपल्या जुन्या लोकांनी म्हणूनच म्हणून ठेवलंय, दुकान आपलं, चावी दुसऱ्यापाशी."

तुझ्या फोटोपुढं, दादा. जुन्या लोकांनी!

मांडवात हलकंसं हसू पसरलं. सगळ्यांना ती ओळ माहीत होती. वहिनीनं तोंडाला पदर लावला, पण मला दिसलं, तीही हसत होती. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिथंच थांबायला पाहिजे होतं, असं तू म्हणशील. पण तू असेपर्यंतचाच शब्द घेतला होतास आणि तू नव्हतास. मी उठले. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर आजीसारखाच तूही गेलास.

"गुरुजी, ती म्हण जुनी नाही. दादाची आहे. दवाखान्यात, मशीनवर असताना म्हणाला होता. आणि 'मपलं' म्हणाला होता."

हसू गेलं. सगळ्यांचं एकदम गेलं. गुरुजींनी चष्मा काढला. आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला, च्च च्च. मग पुरुषांच्या बाजूनं. वहिनीचा पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला. मी उभीच राहिले. तू अगदी बराबर सांगितलं होतंस. भांडण तू जिंकलास, आणि जिंकलास हे सांगायला तू नव्हतास.

कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत बुंदी पुन्हा सगळीकडं, या वेळी रडक्या बासरीसकट. 'मालकाचे शेवटचे शब्द.' तुझे शेवटचे शब्द ते नव्हतेच. 'फुडं तुझं तू बघ' हे तुझे शेवटचे शब्द, आणि ते मी कुणाला सांगणार नाही. आता लांबलांबून पोरं येतात, शटरपुढं बिस्किटं टाकतात, म्हणजे बुंदी कुलपाकडं बघेल आणि त्यांना रील मिळेल. ती बिस्किटं खाते आणि उठून जाते. मग ती पोरं आणखी बिस्किटं आणतात. खाली लोक हात जोडलेले आणि रडणारे चेहरे टाकतात. हसणारा एकही नाही. ज्या ओळीवर ती मरणाची खोली हसली होती, तिच्यावर आता कुणी हसत नाही.

तरी सांगते, पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा उठेन. तुझ्या नावाखातर एवढं च्च च्च मी सोसीन. तू सोसलं नसतंस, पण तू हट्टी होतास आणि मीही तुझीच बहीण आहे.

काल वहिनी आणि मी दुकान उघडलं. आत अजून व्हार्निशचा वास आहे. तुझं तारांचं रीळ, तुझी पक्कड, भिंतीवर खिळ्याला तुझा जुना शर्ट. वहिनी त्या शर्टाला हात लावून उभी राहिली. मी बाहेर बघत राहिले, नाहीतर दोघीही बसलो असतो तिथंच. बुंदी आत आली. जिथं तू डबा उघडायचास ती जागा हुंगली, दोनदा हुंगली, आणि चहावाल्याकडं निघून गेली. मी शटर ओढलं. चावी वहिनीपुढं धरली तर म्हणाली, "ताई, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. त्यांनी तसंच म्हणलंय ना."

आज शाळेत गेले. रजा संपली. दुपारच्या सुट्टीत पोरी ताटल्या घेऊन पोषण आहाराच्या खोलीपुढं रांगेत उभ्या होत्या. स्वयंपाकीण बाई कुणाच्या तरी लग्नाला गेली होती आणि कुलूप लावून चावी घेऊन गेली होती. आतून शिजलेल्या खिचडीचा वास येत होता. सगळ्यात पुढं तिसरीतली एक बारकी पोरगी, दोन वेण्या, हातात ताटली. कुलपाकडं बघत तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली,

"घ्या! खिचडी मपली, चावी दुसऱ्यापाशी."

सगळी रांग खिदळली. मपली म्हणाली ती, दादा. कुठून कुठं फिरून, पुसून, छापून, रडून ती ओळ आली, आणि हिच्या तोंडात तुझ्यासारखीच पडली. मी तिच्याजवळ गेले. खाली वाकले.

"कुणाची गं ही म्हण?"

"आमच्या आजीची, मॅडम," ती ठामपणे म्हणाली. "ती बारकी होती तव्हापसून म्हणती."

तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पोरी हसत होत्या. मी ते गिळलं, दादा, आणि त्यांच्याबरोबर हसले.